उजव्या चाकाचं कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला शमिकाची लाल गाडी शांताबाईच्या जामाच्या ठेल्याला जाऊन भिडली, आणि साडेसात वाजायच्या आत इंदूरच्या सुदामा नगरमधल्या त्या गल्लीत निकालसुद्धा लागला होता.

धडक तशी काही मोठी नव्हती. ठेला हातभर सरकला. वर रचलेले जाम, म्हणजे पुण्याकडचे लोक ज्यांना पेरू म्हणतात ते, रस्ताभर पळाले. गाडीचा डावा दिवा फुटला आणि मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेल्या पाच वर्षांच्या तन्वीच्या मांडीवर डबा उपडा झाला. बस, इतकंच. पण शमिकाच्या पायाला अजून तो पेडल आठवत होता. ब्रेक दाबला होता तिने. सगळा जोर लावून दाबला होता. आणि गाडी जागच्या जागी थांबायचं सोडून, कुणी कान धरून ओढावं तशी डावीकडे गेली होती.

"असो कई करो हो मैडम!" शांताबाई ओढणी खोचत, माळवीत करवादत पुढे आली. "रोज राम-राम करके निकलो, ने आज सीधा म्हारा पे?"

"ब्रेक लगाया था मैंने," शमिका म्हणाली.

"लगाया होगा जी," दुधाची पिशवी घेऊन उभा असलेला एक जण बोलला. "पर ब्रेक के बाजू में एक और चीज होती है ना भिया, अपने को लगता है उसपे लगाया होगा."

चार लोक हसले. शमिका गुडघ्यावर बसून जाम गोळा करत होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बोलायला तोंडापर्यंत पुष्कळ आलं होतं, पण मागच्या खिडकीतून बारीक आवाज आला.

"आई, गाडीने तुझं ऐकलं नाही ना?"

त्या सगळ्या गर्दीत गाडीला दोष देणारी तेवढी एकच होती.

दबलेले जाम शमिकाने सगळे घरी आणले. पुढचे तीन दिवस त्या घरात दोन्ही वेळा जामाची कोशिंबीर झाली, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ताटाकडे बघून उसासा टाकला.

घरात पहिलं कोर्ट भरलं ते झोपाळ्याभोवती. झोपाळ्यावर नाना, शमिकाचे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्याची पंचवीस वर्षं त्यांनी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये फिटर म्हणून काढली होती. मिल बंद पडून जमाना झाला, तिथे आता उंच इमारती आहेत, पण नानांच्या बोलण्यातली मिल अजून तीन पाळ्यांत चालू होती. शेजारी सासूबाई, शालिनीबाई, तन्वीला मांडीवर घेऊन. आणि दारात ऑफिसची बॅग खांद्याला लावून मुकुल, शमिकाचा नवरा.

"शमी, तू घाबरलीस," मुकुल म्हणाला. "घाबरल्यावर माणूस स्टीअरिंग वळवतो. होतं असं."

"मी स्टीअरिंग उजवीकडे खेचत होते. गाडी डावीकडे गेली."

"तेच तर सांगतोय, घाईत उजवं-डावं…"

"मी फिजिक्स शिकवते, मुकुल. उजवं-डावं कळतं मला."

शालिनीबाईंनी तन्वीच्या केसांवरून हात फिरवला. "शाळा सोड असं कुणी म्हणत नाहीये गं. गाडी सोड. पोरीला घेऊन रोज हायवे म्हणजे काय गंमत आहे? मानपूरला बस जाते की."

बस जाते, हे खरं होतं. पण शमिकाची शाळा मानपूरला, घरापासून तासाभराच्या अंतरावर, आणि भरायची साडेआठला. तन्वीसुद्धा त्याच शाळेत जायची. सुदामा नगरहून राऊपर्यंत एक, तिथून महूपर्यंत दुसरी, मग मानपूरची तिसरी. पाच वर्षांची पोर, दोन दप्तरं आणि तीन बसगाड्या. गाडी गेली की नोकरी जाणार, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर सगळे गाडीबद्दलच बोलत होते, नोकरीचं नाव कुणी घेत नव्हतं.

"नाना, तुम्ही सांगा," शमिका म्हणाली. "ब्रेक दाबला तर गाडी एका बाजूला का जाईल?"

नानांनी चष्मा पुसला. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "सूनबाई, यंत्र खोटं बोलत नाही. हात खोटं बोलतो. मिलमध्ये कुणाचं बोट गेलं ना, की तो पहिलं म्हणायचा, मशीन सटकली. आम्ही जाऊन बघायचो. मशीन ठणठणीत."

हे मात्र शमिकाला लागलं. बाकीच्यांचं सोडा, पण नानांनीच तिला पाना धरायला शिकवलं होतं. नळाचा वायसर बदलताना, कुकरचं हँडल घट्ट करताना "सूनबाईचा हात पक्का आहे" असं सगळ्या नात्यात सांगणारे तेच होते.

दुपारी हरी मिस्त्री आला. गल्लीतल्या सगळ्या गाड्या त्याच्याच हाताखालच्या. त्याने गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, हळूहळू परत आणली, खाली उतरून एका चाकाला लाथ मारल्यासारखं केलं आणि शमिका समोर उभी असताना मुकुलला फोन लावला.

"मुकुल भिया, गाडी एकदम टनाटन. ब्रेक पकड रहा है. भाभीजी का पाँव गड़बड़ा गया होगा, और क्या."

"हरी भिया," शमिका म्हणाली, "पाय चुकून अॅक्सिलरेटरवर पडला असता तर गाडी सरळ गेली असती. ही डावीकडे ओढली गेली. चाक खोलके देखो ना."

"अरे भाभीजी, क्या खोलना उसमें? टेन्शन मत लो." आणि तो जाम खात निघून गेला.

संध्याकाळी मुकुल घरी आला तो खुशीत. देपालपूरचे कुणी प्रतापराव म्हणून होते, ऑफिसातल्या सुजयच्या ओळखीचे. त्यांना अशीच जुनी छोटी गाडी हवी होती. "रविवारी सकाळी येतायत. दिवा आपण बसवून देऊ."

"मला न विचारता?"

"तुझ्यासाठीच करतोय ना यार," मुकुल म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरंच काळजी होती. तीच शमिकाला जास्त जड गेली. दुष्टपणाशी भांडता येतं. काळजीशी भांडायला निघालं की माणूस आपणच कृतघ्न ठरतो.

तिने आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाली, "रविवारी ना? मग शनिवार माझा."

---

शनिवारी तिने शाळेतून रजा काढली. मुकुल ऑफिसला गेला. शालिनीबाई तन्वीला घेऊन राजेंद्र नगरला बहिणीकडे गेल्या. नाना जेवून आडवे झाले. घर गप्प झालं तशी शमिकाने जुना पंजाबी ड्रेस चढवला, केसांना फडकं बांधलं आणि आदल्या दिवसापासून मनात घोळत असलेलं गणित पुन्हा एकदा मांडलं.

गाडी डावीकडे ओढली गेली. म्हणजे डाव्या चाकाने ब्रेक धरला आणि उजव्याने धरला नाही. दोघे जण हात धरून पळत असताना एक थांबला आणि एक पळतच राहिला तर दोघं थांबलेल्याच्या बाजूलाच वळणार. म्हणजे दुखणं उजव्या चाकात. हे सातवीतल्या पोरांनाही सांगून पटलं असतं. पण सातवीतल्या पोरांना पटतं ते घरच्यांना पटायला पुरावा लागतो.

गाडीतला जॅक होता. चाकाचा पाना होता. पण आतल्या बोल्टला चौदा नंबर लागणार होता, आणि तो होता नानांच्या पेटीत.

नानांच्या पेटीला घरात कुणी हात लावत नसे. लोखंडी, हिरव्या रंगाची, मिलमधून शेवटच्या दिवशी खांद्यावरून आणलेली पेटी. तीन दिवसांपूर्वीच्या खंडेनवमीला, मिलमधल्या रिवाजाप्रमाणे, नानांनी ती उघडून पाना-पाना पुसून मांडला होता, हळद-कुंकू वाहिलं होतं. झेंडूची पिवळी फुलं अजून झाकणावर सुकत पडली होती. शमिकाने ती उचलून बाजूला ठेवली, पेटीला नमस्कार केला आणि झाकण उघडलं. "रागावायचं तर नंतर रागवा," ती पुटपुटली.

गाडी तिने पोर्चमधून पुढे सपाटीवर आणली. पोर्चमध्ये ती नेहमी डाव्या भिंतीला चिकटवून उभी असायची, म्हणजे उजवीकडे उतरायला जागा राहते. हातब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या. पुढचं उजवं चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट ढिले केले. दुसरा नट हलेना, तेव्हा पान्यावर पाय देऊन उभीच राहिली. मग जॅक लावून गाडी उचलली आणि जॅकवर विसंबायचं नाही म्हणून स्टेपनीचं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवलं. आईपणाची ही एक सवय, पडणार हे धरूनच आधी खाली अंथरूण घालायचं.

चाक निघालं. आत डिस्क होती, मोठ्या ताटाएवढी लोखंडी चकती. चाकाबरोबर ती फिरते, आणि तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरायला कॅलिपर, म्हणजे लोखंडी मूठ. मुठीच्या दोन तळव्यांवर दोन पॅड. पेडल दाबला की मूठ आवळते, पॅड चकतीला धरतात, गाडी थांबते. एवढीच सगळी विद्या. आदल्या रात्री मोबाइलवरच्या व्हिडिओत बघितली तेव्हा शमिकाला वाटलं होतं, इतक्या साध्या गोष्टीवर आपण रोज पोरीला घेऊन विसंबतो, आणि ती कधी उघडून बघितली नाही.

चकती चकचकीत होती. नको तितकी चकचकीत. त्या चमकेवर मधूनमधून तपकिरी पापुद्रा धरला होता, जळलेल्या तव्यासारखा, आणि त्याच्या आजूबाजूला ओलसर झाक. मधल्या गोल भागावर, जिथे पॅड पोचत नाही तिथे, तेलात मिसळून पसरलेला एक लाल ठिपका होता.

शमिकाने बोट लावून बघितलं. कुंकू.

तिने कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडला, मूठ वर उचलून सुतळीने बांधून ठेवली, कारण तिला जोडलेल्या रबरी नळीवर वजन पडू द्यायचं नसतं. दोन्ही पॅड बाहेर काढले. काळे, दमट. नाकाशी नेले तर करपलेल्या तेलाचा वास आला. आणि त्या करपण्याच्या खाली दुसरा एक वास होता, तो तिच्या ओळखीचा होता. शिलाई मशीनचा. दाराच्या बिजागरीचा. तन्वीच्या सायकलच्या साखळीचा. नानांच्या लांब चोचीच्या कुप्पीतल्या तेलाचा.

ती तशीच जमिनीवर बसली.

खंडेनवमीचा दिवस तिच्या डोळ्यांपुढे आला. आदल्या दिवशी मुकुलने पाइप लावून गाडी धुतली होती. सकाळी नाना हातात आरतीचं तबक आणि कुप्पी घेऊन घरभर फिरत होते. शिलाई मशीनला कुंकू, मिक्सरला कुंकू, मुकुलच्या लॅपटॉपलासुद्धा कुंकू, त्यावरून तो ओरडला होता. मग बाहेर गाडीपाशी. ओणवे होऊन चाकाच्या जाळीतून आत बघत ते म्हणाले होते, "गंज धरलाय बघ बिचारीला." सगळे आपापल्या कामात होते. कुणी वळून बघितलं नव्हतं. डावं चाक भिंतीला लागून, तिथे त्यांचा हात पोचला नसणार. उजव्याला पोचला. दसऱ्याला गाडी हार घालून नुसती उभी होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती तन्वीला घेऊन निघाली.

"चौदा नंबर."

शमिका दचकली. दारात नाना उभे होते, बनियनवर, चष्मा कपाळावर.

"झोपेत आवाज आला. फरशीवर चौदा नंबर पडला की असा वाजतो," ते म्हणाले. "माझ्या पेटीला हात लावलास?"

"लावला."

"विचारायची रीत असते."

"असते. पण माझी गाडी विकतानाही ती पाळली नाही कुणी, नाना. म्हटलं आपणही सोडून बघावी."

नानांच्या भुवया वर गेल्या. शमिका उठली. तिने ते दोन पॅड त्यांच्या तळहातावर ठेवले. फिटरच्या हातात वस्तू दिली की सांगायचं काही उरत नाही, एवढं त्यांच्याकडूनच ती शिकली होती.

नानांनी पॅड अंगठ्याने चोळला. नाकाशी नेला. मग खाली वाकून चकतीकडे बघितलं, लाल ठिपक्याकडे बघितलं, आणि त्यांचा हात हळूच गाडीच्या कडेवर टेकला.

"हा ब्रेक आहे?"

"हो."

"असा? उघडा?"

"असाच असतो नाना. डिस्क ब्रेक. मागच्या चाकांना आहे तो डब्यातला."

"ब्रेक डब्यात असतो," नाना म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. "आमच्या मागाला, लूमला, ब्रेक असतो. पट्टा असतो त्याला. त्या पट्ट्याला तेलाचा हात लागला तर आम्ही हेल्परला दुसऱ्या खात्यात हाकलायचो. पंचवीस वर्षं मी… ही ताटली आहे असं वाटलं मला. शोभेची. गंजलेली. खंडेनवमीला लोखंड गंजलेलं ठेवू नये म्हणून…"

ते विटेवर बसले. गल्लीतून भंगारवाल्याची आरोळी गेली.

"पोर होती ना मागे," नाना म्हणाले.

"होती."

शमिकाला त्या म्हाताऱ्या खांद्यांवर हात ठेवावासा वाटला. आणि त्याच क्षणी तिला कालचा झोपाळाही आठवला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि एकीसाठी दुसरी गिळून टाकायची आता तिची तयारी नव्हती.

"नाना, तेल कुणी घातलं हे मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "पण चूक माझ्या पायाची होती असं आता कुणाला म्हणूही देणार नाही. मधलं काय ते तुम्ही बघा."

नानांनी वर बघितलं. मग पॅडकडे. मग ते उठले आणि आत गेले. शमिकाला वाटलं, संपलं, रुसले. दोन मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा अंगात मिलचा खाकी शर्ट होता, खिशाला गेट पास लावायची भोकं अजून तशीच असलेला.

"आता यावर काय उपाय? रॉकेलने पुसून चालेल?"

"पॅडने तेल पिऊन टाकलंय. नवेच लागतील. आणि एका चाकाचे नाही, दोन्ही पुढच्या चाकांचे. नाहीतर एक नवा, एक जुना, पुन्हा ओढाओढी."

"जोडीने. बरोबर," नाना म्हणाले. "लूमचे पट्टेही जोडीनेच बदलायचे. जा तू. मी गाडीपाशी बसतो."

---

अन्नपूर्णा रोडवरच्या पार्ट्सच्या दुकानात काउंटरमागच्या माणसाने तिच्या फडक्याकडे, काळ्या हातांकडे आणि मग तिच्या मागे कुणी येतंय का तिकडे बघितलं.

"मैडम, मिस्त्री को भेज दो. गलत पीस ले जाओगे तो वापस नहीं होगा."

शमिकाने फडक्यात गुंडाळलेला जुना पॅड काउंटरवर ठेवला. "मिस्त्री आ गई है. इससे मिलाके दे दो. आणि ब्रेक क्लीनरचा एक डबा, आणि स्लाइड पिनचं ग्रीस."

तो माणूस मराठी होता की नव्हता कोण जाणे, पण निमूट आत गेला.

परत आल्यावर दोघांनी मिळून काम केलं. शमिकाने चकती क्लीनर मारमारून पुसली, चिंधीवर डाग उमटेनासा होईपर्यंत, आणि कॅलिपर, चाकाच्या मधल्या हबचे कोपरे, जिथे जिथे तेल दडून बसलं असेल तिथे तिथे. नव्या जाड पॅडना जागा करायला मुठीतला पिस्टन मागे ढकलायचा होता. त्याला नानांनी पेटीतून जुना सी-क्लॅम्प, म्हणजे आवळायचा शिकंजा, काढला. "हळू," शमिका म्हणाली, "वर ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलंय, ऑइल चढतंय का बघते." नाना हळू फिरवत होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या हाताला कंप होता, पण पाना हातात आला की तो कंप कुठे जायचा कळत नसे.

"आता या दोन पिनांना," शमिका म्हणाली, "चिमूटभर ग्रीस. मूठ यांच्यावर सरकते. या कोरड्या पडल्या तर पॅड एका बाजूने झिजतात."

"म्हणजे कुठेतरी लागतंच की!" नाना एकदम उजळले.

"इथे. फक्त इथे. आणि या डब्यातलंच. तुमची कुप्पी आत ठेवा."

"ठेवतो बाई, ठेवतो," नाना म्हणाले, आणि कुप्पी खरोखरच आत नेऊन ठेवून आले.

डावं चाक खोललं तेव्हा तिथली चकती कोरडी निघाली, कडेला नारिंगी गंज, पॅड राखाडी. नानांनी तो गंज बोटाने चाचपला. "ही गंजलेली चांगली, आणि ती चमकणारी वाईट," ते स्वतःशीच म्हणाले. "बघा, काय जमाना."

चाकं बसली, नट आवळले. शमिकाने आत बसून पेडल दाबला. पहिल्यांदा तो भुसभुशीत खाली गेला. पुन्हा, पुन्हा. सहाव्या वेळी टणक लागला. हे केल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे तिने चार वेळा वाचलं होतं. मग ऊन उतरायच्या आत कॉलनीमागच्या मोकळ्या रस्त्यावर दोघं गेली. नवे पॅड चकतीवर बसवायला गाडी थोडी पळवायची, हलका ब्रेक, पुन्हा पळवायची. नाना शेजारी बसून मोठ्याने मोजत होते, "सात. आठ. थोडं थांब, तापलंय. हां, नऊ."

गाडी सरळ थांबत होती. दहाव्या वेळी शमिकाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नानांनी खिडकीबाहेर बघितलं, म्हणून तिलाही पुसायची घाई करावी लागली नाही.

---

रविवारी दहाला प्रतापराव आले. भरघोस मिशा, पांढरा सदरा, आणि होळकरी अमलातलं वाटावं असं घोळून घोळून बोलणं. "गाडी पाहिली आम्ही बाहेर. दिव्याचं सोडा. ब्रेकचा काही प्रसंग झाला म्हणे?"

"छे हो," मुकुल म्हणाला, "ते आपलं, बायकोचा जरा…"

चहाचा ट्रे घेऊन शमिका बाहेर आली. ट्रेमध्ये चार कप, बिस्किटांची बशी, आणि बशीशेजारी कागदावर ठेवलेले दोन काळे पॅड.

"अगं बाई, हे काय घाण खाण्याजवळ!" शालिनीबाई ओरडल्या.

"हा माझा पाय, आई," शमिका म्हणाली. "चुकलेला. बघून घ्या." तिने ट्रे ठेवला. "प्रतापराव, माफ करा, तुम्ही लांबून आलात. गाडी विकायची नाही. परवा उजव्या चाकाच्या ब्रेकला तेल लागलेलं होतं. डावा धरला, उजवा धरला नाही, म्हणून गाडी डावीकडे गेली. काल मी दोन्हीकडचे पॅड बदलले. उद्या मी आणि तन्वी मानपूरला जाणार. रोज जाते तशीच."

"तू बदललेस?" मुकुल म्हणाला. "शमी, हा काय खेळ आहे? आणि ब्रेकला तेल येईल कुठून? उगीच काहीतरी…"

शमिका गप्प राहिली. दिलेला शब्द होता. झोपाळ्याची कडी एकदा करकरली आणि थांबली.

"मी घातलं," नाना म्हणाले.

सगळे वळले. नाना झोपाळ्यावरून उतरून उभे राहिले होते, खाकी शर्टात, दोन्ही हात समोर धरून.

"खंडेनवमीला. कुप्पीने. लोखंडाची ताटली समजून ब्रेकला तेल पाजलं मी. नात बसणार होती त्या गाडीत." त्यांनी शमिकाकडे हात केला. "मी या पोरीला म्हणालो, यंत्र खोटं बोलत नाही, हात खोटं बोलतो. ते खरंच आहे. हात माझा होता."

शालिनीबाईंच्या तोंडाला पदर गेला. मुकुलने एक पॅड उचलला आणि हुंगला. मग तो शमिकाकडे बघून म्हणाला, "तू म्हणत होतीस. चाक खोला म्हणून."

"हो. मी म्हणत होते."

तिने "असू दे" म्हटलं नाही. ते दोन शब्द नेहमी तिच्या जिभेवर तयार असायचे. आज तिने ते येऊ दिले नाहीत.

"म्हणजे गाडी काही आम्हाला मिळत नाही," प्रतापराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "चहा तरी मिळेल ना? तो लांब ठेवा त्या ब्रेकापासून."

हसू फुटलं, आणि त्या हसण्यात नाना पायात चपला सरकवून दाराशी पोचलेसुद्धा. "सूनबाई, चावी घे. मी पुढे बसणार. मुकुल, तू पोरीला घेऊन मागे बस. पट्टा लाव."

कुणी काही बोलायच्या आत चौघं गाडीत होती. कॉलनीचा रस्ता संपून मोठ्या रस्त्याचं वळण आलं. तिथेच नेहमीच्या जागी ठेला, ठेल्यावर जामांचा ढीग. शांताबाईने लांबून लाल गाडी ओळखली आणि दोन्ही हात पसरून ती जामांवर आडवीच झाली.

मागून दुसरी गाडी येत नव्हती. शमिकाने आरशात दोनदा बघून घेतलं. गाडीला चांगला वेग दिला आणि ठेल्याच्या बऱ्याच अलीकडे ब्रेक दाबला, परवासारखाच, सगळा जोर लावून. स्टीअरिंग तिने नुसतं धरलं होतं, ओढलं नव्हतं. नानांचे हात डॅशबोर्डवर, मुकुलचा हात तन्वीच्या छातीवर. गाडीने नाक खाली घातलं आणि रस्त्यावर पट्टीने रेघ मारावी तशी सरळ थांबली.

शांताबाईने एक डोळा उघडला. हात अजून पसरलेलेच. "हुई ग्यो?"

"हो गया, शांताबाई!" शमिकाने काच खाली करून ओरडून सांगितलं. "उठो अब!"

मागून तन्वी म्हणाली, "आई, आज ऐकलं!"

नानांनी डॅशबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. समोर राऊकडचा रस्ता उन्हात मोकळा पडला होता.

"मानपूर," ते म्हणाले.

"नाना, आज रविवार. शाळा बंद आहे."

"शाळा बंद असेल. रस्ता चालू आहे ना?"

शमिकाने मागे वळून मुकुलकडे बघितलं नाही. पहिला गिअर टाकला आणि गाडी हायवेच्या दिशेने घेतली.